न झालेल्या मोर्चातला नारळ

मोर्चा निघाला होता. जुन्या मोंढ्यापासून जिल्हा परिषदेपर्यंतचा रस्ता गुलाबी साड्यांनी भरून गेला होता आणि प्रत्येक बाईच्या हातात एक वजनकाटा होता.

वाचलंत? आता विसरा. मोर्चा निघालाच नव्हता. त्या सोमवारी आमच्या गावात आठवडी बाजारामुळं थोडी वाहतूक कोंडली होती, एवढंच. हे मी खात्रीनं सांगतो, कारण ते वाक्य मीच टाइप केलं होतं.

"गजानन, आज वाहतूक कोंडी आहे," धुमाळसर सकाळी ऑफिसात शिरता शिरता म्हणाले.

मी खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यावर एक गाय आणि एक रिक्षा होती, आणि दोघांचं आपापसात बरं चाललं होतं.

"कुठं, सर?"

"होईल. दुपारपर्यंत होईल."

हे 'ठाम मराठी' वाहिनीचं जिल्हा कार्यालय. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. धुमाळसर तिथले प्रमुख, मोहसीन कॅमेरामन आणि मी बाकीचं सगळं. बातमी आणायची, माईक धरायचा, पडद्याच्या तळाशी जी पट्टी पळते तिचा मजकूर लिहायचा, आणि ड्रायव्हर आला नाही तर गाडी चालवायची. ड्रायव्हर कधीच आला नाही. माझ्या काळात तरी मी त्याला पाहिलेला नाही.

आमच्याकडं कॅमेऱ्याच्या जागा ठरलेल्या असायच्या. सत्तेतल्या पक्षाची सभा असली की मोहसीन पाण्याच्या टाकीवर चढायचा. तिथून शंभर माणसंही जनसागर दिसतात. विरोधकांची सभा असली की तो मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभा राहायचा. तिथून हजार माणसांतही रिकाम्या खुर्च्याच आधी दिसतात. मी लागलो त्याच वर्षी एकदा सरकार बदललं. सरांनी मीटिंग घेतली नाही की भाषण केलं नाही. सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "मोहसीन, आजपासून उलटं."

मोहसीनचा उजवा गुडघा दुखायचा. त्यामुळं त्याचं राजकीय मत एकच होतं, "कोई भी आव, टाकी को लिफ्ट लगाव."

तर त्या सोमवारी नाट्यगृहात 'कुपोषणमुक्त जिल्हा' सोहळा होता आणि पालकमंत्री येणार होते. आमच्या मालकांच्या आणि पालकमंत्र्यांच्या शेतांना एकच बांध होता आणि दोघांपैकी कुणीही तो आजवर कोरला नव्हता. यावरून मैत्री किती घट्ट ते समजून घ्यावं.

"सोहळा आपण लाइव्ह करतोय," सर म्हणाले. "त्याच वेळी अंगणवाडीच्या बाया मोर्चा काढतायत. तो दाखवायचा नाही."

"बरं, सर. मग आम्ही दोघं नाट्यगृहातच—"

"नाही. नाट्यगृहात मुंबईहून टीम आलीय. तुम्ही मोर्चाला जा. सगळा शूट करा. आणि खांबाजवळून नको, एकदम जवळून. एकेकीचा चेहरा आला पाहिजे. नाव, गाव विचारा."

मोहसीननं माझ्याकडं पाहिलं. मी सरांकडं पाहिलं. "दाखवायचं नाही, तर नाव-गाव कशाला?"

"माहिती घेऊन ठेवावी. पत्रकार आहेस ना तू?"

मी हो म्हणालो. गळ्यात कार्ड होतं, त्यावर तसं छापलेलं होतं.

खरं सांगतो, मला आनंदच झाला. विरोधात बोलणाऱ्या माणसाचा चेहरा आम्ही जवळून घेतोय असं पहिल्यांदाच होत होतं. आज नाही तर उद्या दाखवतील, असं मला वाटलं. शिवाय त्या मोर्चात माझी आत्या होती.

माझी प्रयागआत्या हिवरखेड्याच्या अंगणवाडीत सेविका. अंगणवाडी म्हणजे समाजमंदिराची एक खोली, भिंतीवर रंगवलेला हत्ती, आणि त्या हत्तीला घाबरणारी वीस-बावीस लेकरं. दर महिन्याला लेकरांचं वजन करायचं, कमी भरलं तर त्याला जादा आहार सुरू करायचा, हे तिचं काम. त्या वर्षी वरून नवे काटे आले. छताच्या हुकाला टांगायचे, खाली झोळी, वर तबकडी. आणि त्या काट्यांवर प्रत्येक लेकरू दोन किलो जास्त भरायला लागलं. पहिल्याच महिन्यात सबंध जिल्ह्यातलं कुपोषण संपलं. जादा आहार बंद झाला, आणि सोहळ्याची तारीख निघाली.

मोंढ्यात पोचलो तर आत्या सगळ्यांत पुढं होती. एका हातात काटा उंच धरलेला आणि झोळीत लेकराऐवजी नारळ.

"आत्या, नारळ कितना?" मोहसीननं कॅमेरा लावत विचारलं.

"अडीच किलो! बघ तबकडीत. आमच्या काट्यावर नारळसुद्धा सुदृढ आहे."

बाया हसल्या. बंदोबस्तावरचा एक हवालदार उत्सुकतेनं पुढं आला. "बघू, ही लावा बरं," म्हणून त्यानं हातातली लाठी दिली. लाठी भरली पावणेतीन किलो.

"तरीच," हवालदार म्हणाला, "रोज संध्याकाळी खांदा दुखतोय."

मी माईक पुढं केला. आत्या माझ्याशी अनोळखी बाईसारखी बोलली, मला कमीपणा नको म्हणून. "मी प्रयागबाई इंगोले, अंगणवाडी सेविका, हिवरखेडा. माझ्याकडं दुर्वा नावाची पोरगी आहे. तीन वर्षांची. हाताच्या बांगड्या दंडापर्यंत सरकतेत तिच्या. काट्यात बसली की पैलवान होती, उतरली की पुन्हा दुर्वा. तिचा आहार बंद केलाय. आम्हाला खरा काटा द्या, मग करा तुमचा सोहळा."

मग ती मागं वळली आणि बायांना ओरडली, "ए, एकेकीनं या! नाव नीट सांगा, गाव नीट सांगा. टीव्हीवाल्यांला गावाचं नाव चुकवायची सवय असती."

बायांनी रांग लावली. एकेकीनं पदर सारखा केला, कॅमेऱ्यात पाहिलं आणि नाव, गाव, तालुका सांगितला. एकीला बोलताना हसू फुटलं म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. इतकं व्यवस्थित शूट आम्ही मंत्र्यांचंही कधी केलं नव्हतं.

ऑफिसात परत आलो. पडद्यावर सोहळा चालू होता. मंत्री एका गुटगुटीत बाळाला कडेवर घेऊन उभे होते. ते बाळ कार्यकारी अभियंत्यांचं होतं, हे मला नंतर कळलं.

"पट्टी लिही," सर म्हणाले. "आठवडी बाजारामुळं शहरात वाहतूक कोंडी."

"सर, बाजार गुरुवारी असतो."

"मग?"

"आज सोमवार आहे."

सरांनी कॅलेंडरकडं पाहिलं. तिथं सोमवारच होता. मला वाटलं, आता काहीतरी खरं लिहावं लागेल बहुतेक.

"बाजाराचा वार बदललाय असं लिही," सर म्हणाले.

मी लिहिलं, 'आठवडी बाजार आता सोमवारी. पहिल्याच दिवशी तुफान गर्दी.' ती पट्टी संध्याकाळपर्यंत मंत्र्यांच्या पायाखालून पळत होती.

मोर्चा आज ना उद्या दाखवतील म्हणून मी आठवडाभर वाट पाहिली. कुणी दाखवला नाही. पुढच्या सोमवारी सकाळी मात्र खाली गलका ऐकू आला. खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर शेळ्या. शेळ्यांमागं भाजीचे टेम्पो, बांगडीवाले, मसाल्याची पोती, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. आसपासच्या खेड्यांनी आमची बातमी ऐकली होती आणि ती बाजार घेऊन आली होती. कोंडी झाली, अगदी आम्ही सांगितली होती तशीच.

"बघा," धुमाळसर समाधानानं म्हणाले, "आपली बातमी कधी चुकत नाही."

त्या कोंडीतून वाट काढत प्रयागआत्या आमच्या जिन्याशी आली. मी खाली गेलो. तिच्या पदराचं टोक एका शेळीनं तोंडात धरलं होतं आणि आत्याला त्याचा पत्ता नव्हता. तिच्या हातात नोटीस होती. सोमवारी कामाच्या वेळेत मोर्चात सहभागी झाल्याबद्दल आपली सेवा समाप्त का करू नये, याचा खुलासा सुनावणीत समक्ष करावा.

"माझ्या एकटीला नाही," आत्या म्हणाली. "पुढं होतो त्या सगळ्यांला आली. नावासकट, गावासकट. एकीचंही गाव चुकलं नाही."

"आत्या, थांब," मी म्हणालो. माझ्या डोक्यात फारच हुशार कल्पना आली होती. "आमच्या चॅनेलनं सांगितलंय ना, मोर्चा झालाच नाही म्हणून? रेकॉर्ड आहे त्याचं. तू सांग, मी बाजारात होते."

"काय घ्यायला?"

"वांगी."

"वांग्यासाठी मी हिवरखेड्याहून गुलाबी साडी नेसून, काटा घेऊन आले?"

"काटा वांगी मोजायलाच."

आत्या हसली. हसता हसता शेळीच्या तोंडातून पदर ओढून घेतला. "दोन किलोचे पैसे फुकट गेले असते रे." मग ती गंभीर झाली. "नाही, गजू. मी बाजारात होते म्हणाले की काटा बरोबर आहे असंच झालं. मी मोर्चात होते. तू एक कर, तुझ्या टीव्हीत दाखव. सगळ्यांनी बघितल्यावर त्यांला आम्हाला काढायला जड जाईल."

"आणि नाही दाखवलं तर?"

"तर काढतील. माझ्या जागी नवीन बाई येईल आणि काटा म्हणंल तेच लिहील. तिला काय माहीत दुर्वा कोण ते." तिनं पायऱ्यांकडं पाहिलं. "तुझे साहेब वर आहेत का? मी बोलू?"

"मी बोलतो," मी म्हणालो.

वर सर पेपर वाचत होते. "सर, मोर्चाचं फुटेज लावू या. बायांना नोटिसा आल्यात."

"कोणता मोर्चा?"

"आपण शूट केलेला."

"असं काही फुटेज आपल्याकडं नाही."

"सर, मोहसीननं कॅमेऱ्यातलं कार्ड तुमच्या हातात दिलं."

"म्हणून तर म्हणतोय, आपल्याकडं नाही." सरांनी पेपराचं पान उलटलं. "तू फार ताण घेतोस, गजानन. वय काय तुझं? लग्नबिग्न कर."

मी मोहसीनकडं पाहिलं. तो पंख्याकडं बघत होता. पंखा बंद होता.

सुनावणी अंगणवाड्यांच्या प्रकल्प कार्यालयात झाली. आत्यानं नारळ आणला होता आणि काटाही आणला होता, कारण नोटिशीत शासकीय साहित्य सोबत आणावे असं लिहिलं होतं. मी नातेवाईक म्हणून कोपऱ्यात उभा होतो. समोर कोटगिरेमॅडम, प्रकल्प अधिकारी. बाई चांगल्या वाटत होत्या. त्यांनी आत्याला आधी पाणी दिलं.

"प्रयागबाई, तुम्ही त्या दिवशी मोर्चात होता?"

"होते की."

"नाही म्हणायचं असेल तर म्हणा," मॅडम जरा हळू आवाजात म्हणाल्या. "पण मग मला हे दाखवावं लागेल." आणि त्यांनी टेबलावरचा कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला.

पडद्यावर प्रयागआत्या होती. झोळीतला नारळ, उंच धरलेला काटा, नाव नीट, गाव नीट. चेहरा इतका स्वच्छ, की नाकातल्या खड्याची चमकसुद्धा दिसत होती. खालून एक माईक वर आलेला होता. माईकवर 'ठाम मराठी' लिहिलेलं होतं. माईक धरलेल्या मनगटावर आत्यानं मला मागच्या दिवाळीत घेतलेलं घड्याळ होतं.

आत्यानं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्या मनगटाकडं, मग पुन्हा पडद्याकडं.

"चांगली आले की मी," ती म्हणाली.

मी पुढं झालो. "मॅडम, हे आमच्या चॅनेलचं आहे. तुमच्याकडं कसं आलं?"

"वरून आलं."

"पण आमच्या चॅनेलनं मोर्चा झालाच नाही असं सांगितलंय! बाजार होता म्हणून सांगितलंय!"

"चॅनेलचं चॅनेलपाशी. कार्यालयाच्या दृष्टीनं मोर्चा झालेला आहे. पुरावा समोर आहे."

"ठीक आहे," मी म्हणालो. "झालाय ना? मग त्या मोर्चातल्या मागणीचं काय झालं? काट्यांच्या तक्रारीचं?"

मॅडमनी फाइल चाळली. खरोखर चाळली, नाटक नव्हतं ते. "काट्यांबाबत कार्यालयाकडं तक्रार आलेली नाही."

"मोर्चानं निवेदन दिलं होतं."

"कोणत्या मोर्चानं? असा मोर्चा आल्याची इथं नोंद नाही. त्या दिवशी सगळे सोहळ्याला होते."

मला वाटलं, आपण काय बोललो हे आता मॅडमनाच ऐकू येईल. त्यांनी फाइल मिटली आणि तिची कडा टेबलाच्या कडेला समांतर करून ठेवली.

तेवढ्यात आत्या उठली. तिनं खिडकीच्या गजाला काटा अडकवला आणि मॅडमच्या खुर्चीला अडकवलेली पर्स काढून झोळीत ठेवली. तबकडीचा काटा सरकला.

"साडेतीन किलो," आत्या म्हणाली.

"छे हो, इतकी कुठली," मॅडम बोलून गेल्या.

कोपऱ्यातला शिपाई खोकला.

"हे लिहून घ्या, मॅडम," आत्या म्हणाली.

कोटगिरेमॅडम बराच वेळ पर्सकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा विषय या सुनावणीच्या कक्षेत येत नाही." आणि उठून त्यांनी पर्स हळूच काढून घेतली, झोळीतून लेकरू उचलावं तशी.

आत्याची सेवा त्याच महिन्यात संपली. नारळ तिनं सुनावणीच्या दिवशीच कार्यालयाबाहेरच्या ओट्यावर फोडला आणि शिपायापासून मॅडमपर्यंत सगळ्यांना खोबरं वाटलं. मला दिलं तेव्हा म्हणाली, "घड्याळ चांगलं दिसत होतं रे टीव्हीत." त्यात टोमणा होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी मोहसीनला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"जवळ से लेव बोले, तभीच डाउट आया था मेरे को," तो म्हणाला. "अपन प्यार से कभी किसी के जवळ गए क्या?"

पुढं निवडणूक झाली आणि सरकार बदललं. धुमाळसर चहा पिता पिता म्हणाले, "मोहसीन, आजपासून उलटं." मग माझ्याकडं वळले. "गजानन, तो अंगणवाडीच्या बायांचा मोर्चा आठवतो? त्यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करू. नाव ठेव, 'दडपलेला आवाज'."

"सर, मोर्चा झालाच नव्हता."

"असं कोण म्हणालं?"

"आपण."

"तेव्हा नव्हता," सर म्हणाले. "आता झालाय. त्या तुझ्या आत्याला बोलव."

मी आत्याला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काटे बदलले का?"

"नाही. सरकार बदललंय."

"दुर्वाचा आहार?"

"ते काही माहीत नाही."

"मग मी येऊन काय नवीन सांगू? माझं सगळं बोलून झालंय. तुझ्याच माईकवर." तिनं फोन ठेवला.

आत्या नाही आणि फुटेजही नाही. मूळ कार्ड ज्यांच्याकडं गेलं होतं ते आता विरोधी पक्षात होते, आणि विरोधी पक्षाकडं आमचं जाणं-येणं नव्हतं. सरांनी त्यावरही तोड काढली. त्यांनी सोमवारच्या बाजाराची गर्दी टाकीवरून घ्यायला लावली आणि तीच मोर्चा म्हणून दाखवली. 'विराट मोर्चा, जो तुम्हाला कधीच दाखवला गेला नाही.' हे वाक्य तेवढं अक्षरशः खरं होतं. नीट पाहिलं तर पहिल्या रांगेत तीन शेळ्या होत्या, पण प्रेक्षकांपैकी एकाचाही फोन आला नाही.

मी आणि मोहसीननं त्याच आठवड्यात ती नोकरी सोडली. आता आम्ही लग्नांचं शूटिंग करतो. तिथं वरपक्ष आणि वधूपक्ष दोघांनाही एकाच उंचीवरून घ्यावं लागतं, नाहीतर मांडवातच मारामारी होते. मोहसीनला सुरुवातीला ते फार जड गेलं. गुडघा मात्र सुधारला.

आत्या अजून हिवरखेड्यातच असते. त्या खोलीवरून जाताना ती आत बघत नाही, हत्ती तेवढा दिसतो म्हणते. बाजार आजही सोमवारीच भरतो. आणि मी दर वर्षी प्रकल्प कार्यालय, जिल्हा परिषद आणि 'ठाम मराठी' या तिन्ही ठिकाणी एकच अर्ज देतो. पोच मिळते. मजकूर असा:

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर सोमवारी मोर्चा झाला होता किंवा झाला नव्हता, यांपैकी कोणतेही एक कायम करण्यात यावे. झाला असल्यास वजनकाटे तत्काळ बदलण्यात यावेत. झाला नसल्यास श्रीमती प्रयागबाई इंगोले यांना पूर्ववत कामावर रुजू करून घेण्यात यावे. दोन्ही बाबी शक्य नसल्यास किमान आठवडी बाजार गुरुवारी भरवण्यात यावा. तसेच मौजे हिवरखेडा येथील कुमारी दुर्वा हिचे वजन, ती अद्याप लहान आहे तोवर, एकदा खऱ्या काट्यावर करून मिळावे, ही नम्र विनंती.

सोबत: नारळ, एक.